अठ्ठावीस मिलिमीटर

पहिल्या शिपायाला मी रंग नव्हता दिला,
घोंगडीच पांघरली होती.
नाक बुजलं, बटणं बुडाली,
डोळे असे, की बेडूकही लाजला असता.

"दुधाइतका पातळ कर," गेथिन म्हणाला,
"आणि थांब. वाळू दे. मग दुसरा हात."
थांबणं! बत्तीस वर्षं रेक्समची बस चालवली मी,
वेळापत्रकाचा माणूस.

पण शिकलो.
ब्रश ओठांत धरून टोक काढायला,
अंगठ्याच्या नखावर रंग अजमावायला,
श्वास रोखून कॉलरची कड ओढायला.
घड्यांत काळसर पाणी सोडलं
की कोट आपोआप सुरकुततो, हे कळलं.
आणि डोळे? डोळे काढायचेच नाहीत.
टोपीखाली नुसती सावली ठेवायची;
हातभर अंतरावरून तो बघतोच तुमच्याकडे.

ह्या गुरुवारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत
नवी पलटण मांडली. अकरा आठवड्यांचं काम.
सगळे वाकून बघत राहिले, चहा निवला.
मग नेरिसने फासे टाकले,
आणि पहिल्याच फेरीत
पलटण आडवी, खोक्यात परत.

टेकडीवर शेवटपर्यंत उभा होता
तो घोंगडीवाला,
बेडकाचे डोळे वटारून.