खालून वर

"एका ओळीचं काम," म्हणाली मारिका,
आणि प्लगिन बसलंही.
बिल्ड मात्र उठेना.

बाहेर तार्तूची नदी गोठलेली.
हीटरवर मुलाचे ओले मोजे.
टर्मिनलमध्ये चौऱ्याऐंशी लाल ओळी,
त्यातली तिच्या कामाची एकही नाही.

कॉन्फिगमध्ये स्वल्पविराम होता. कंस जुळत होते.
आवृत्तीही तीच.
साडेतीनला कळलं:
ही यादी खालून वर वाचतात,
शेवटी लिहिलेलं आधी कामाला लागतं.

तिने दोन ओळींची अदलाबदल केली.
नऊ सेकंदांत हिरवं.

प्लगिन लिहिणाऱ्याची शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची:
"वडील आजारी आहेत. आल्यावर बघतो."
मारिकाने ती ओळ पुन्हा वाचली,
मग दिवा न विझवताच
मोजे उलटे केले,
दुसरी बाजू वाळायला.