डावा मोजा

शनिवारी गंगापूर रोडला, जिमच्या वरच्या हॉलमध्ये
पगारे पडद्याआडून म्हणतो, "मोजा."
मी मोजतो. अकरा.
त्यात दोघं सानपचे मेहुणे,
एक जण जिमला आलेला, जिना चुकून वर आला,
पण बसलाय बिचारा.
खाली कुणीतरी वजनं आपटतं
नेमकं आमचा विनोद संपायच्या आधी.

आमच्याकडे संहिता नसते.
समोरून एक शब्द मागायचा आणि उडी.
"मिसळ!" कुणीतरी ओरडतं.
नाशकात दर शनिवारी कुणीतरी मिसळ ओरडतंच.
मग मी तर्री, सानप पाव,
झुबेर ते गिऱ्हाईक, ज्याला डॉक्टरांनी तिखट बंद केलंय.
नियम एकच: समोरच्यानं दिलं ते खरं धरायचं.
तो म्हणाला तू तर्री, तर तू तर्री.
नाही म्हणायचं नाही.
म्हणायचं, हो, आणि...

सोमवार ते शुक्रवार मी आवाज विकतो.
कपाटात बसून, दोन्हीकडे स्वेटर लोंबत,
मांडीवर मोबाईलचा उजेड.
सातपूरच्या पाणबुडी मोटारीचा दमदार आवाज मी,
बेदाण्याच्या जाहिरातीतला कवळी नसलेला आजोबा मी,
एका कार्टूनमधला लंगडा कोल्हा, तीन भाग, मग मेला.
निर्माता म्हणाला, मरताना जरा हसरा मर,
लहान मुलं बघतात.

आणि घंटागाडी.
"ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा."
पैसे एकदाच मिळाले.
आवाज मात्र रोज पावणेआठला
इंदिरानगरात आमच्या गल्लीत वळतो
आणि सुषमा बादली घेऊन पळताना म्हणते,
"आलास बघ."

यमू सहा वर्षांची.
झोपताना तिला मी नको असतो, मोजा हवा असतो.
शाळेचा, पांढरा, डावा, टाचेला विरलेला.
उजवा कधीच हरवला,
तो श्रीमंत घरी दत्तक गेला असं मोज्याचं म्हणणं.
मोजा नाकातून बोलतो, भाजी खात नाही,
आणि त्याला पाढे येत नाहीत,
म्हणून यमू त्याला शिकवते.

काल दिवा घालवल्यावर ती म्हणाली,
"मोज्या, एक सांगू? बाबाला सांगायचं नाही हं."
मोजा म्हणाला, हो, आणि?
"डबा मी एकटीच खाते.
गायधनींची अनुश्री सगळ्यांना सांगते,
हिचा बाबा कचऱ्याच्या गाडीत राहतो."

मोज्याच्या आत माझी पाच बोटं होती,
ती एकदम माझी झाली.
चौदा वर्षं मी बिनसंहितेचा उभा राहतोय,
तर्री झालोय, स्टुलाखालची मांजर झालोय,
सासूच्या पोटातला गॅससुद्धा झालोय,
कधी शब्द अडला नाही.
काल अडला.
खाली वजनं आपटणारंही कुणी नव्हतं.

शेवटी मोज्यानंच विचारलं, नाकातून,
"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, हो.
आणि रात्री ड्रायव्हरकाका त्याला घरी सोडतात.
आणि त्याला गाडीतली खिडकीची जागा मिळते."
आणि ती कूस बदलून झोपली.

सकाळी मी बाबा होतो.
बाबाला काहीच माहीत नव्हतं.
वेणीचा तिसरा पेड सुटत होता
तेवढ्यात गल्लीत माझा आवाज शिरला.
यमू अर्धी वेणी ओढून घेत खिडकीशी गेली,
गाडीला हात केला,
मग वळून माझ्याकडे पाहिलं,
बँकेतला माणूस फोटो आणि चेहरा ताडून बघतो तसं.
मी दातात रबरबँड धरून
रबरबँड शोधत राहिलो.

निघताना तिनं डावा मोजा
डब्याच्या पिशवीत कोंबला, चपात्यांच्या बाजूला.
मी ते पाहिलेलं नाही.