सातशेदहा

मंगळवार, गुरुवार, शनिवार
डायलिसिसहून अपाला घेऊन निघते मी
लाँग बीचच्या टोकाकडून, सातशेदहावरून, वर घराकडे.
सीट मागे रेललेली, दंडाला पट्टी, डोळे मिटलेले.
पण झोपत नाही तो,
नाकाने रस्ता वाचत येतो.

"रिफायनरी," म्हणतो. म्हणजे अजून खालीच आहोत.
"घोडे." म्हणजे कॉम्प्टन.
खरंच, कुणाच्या तरी परसात ट्रॅम्पोलीनशेजारी
दोन घोडे उभे असतात, शेपटीने हायवे हाकलत.
मग बराच वेळ काहीच म्हणत नाही,
म्हणजे डिझेल. ते त्याच्या लेखी वासात धरायचं नसतं.

दोन्हीकडून कंटेनर.
दोन हत्तींमधून शेळी निघावी तशी माझी करोला.
विजेच्या मनोऱ्यांखाली रोपवाटिका,
कुंड्यांच्या रांगा, वर तारांचा गुणगुणाट.
एका बाजूला नदी, म्हणजे सिमेंटची परात,
मधोमध बोटभर पाणी, एक ट्रॉली, एक बगळा.
दुसऱ्या बाजूला भिंत.

भिंतीचा हिशेब अपानेच शिकवलेला:
माणसं झोपतात तिथे भिंत,
राबतात तिथे नाही.
"पण माणसं तर तीच की," मी म्हटलं होतं, सातवीत असताना.
"म्हणून तर एवढी पातळ बांधलीय," तो म्हणाला होता.

गेल्या शनिवारी साउथ गेटच्या अलीकडे
पुढच्या कुठल्याशा ट्रकवरून गाद्या सांडल्या.
आधी ब्रेकचे लाल दिवे, मग हॉर्न,
मग एकेक करून इंजिनं बंद.
आणि मग, कधी नव्हे ते,
भिंतीपलीकडचं ऐकू यायला लागलं.
कुणाचा तरी कोंबडा, अवेळी.
वॉशिंग मशीनमध्ये गरगरणारं एक नाणं.
"चुचो, चपला घाल!" कुणीतरी ओरडलं,
चुचोने घातल्या नसाव्यात, कारण ती पुन्हा ओरडली.
भिंतीवरून लिंबाची एक फांदी इकडे वाकलेली,
लिंबं काजळीने राखाडी.

अपाने डोळे उघडले.
"कोण गेलं?" त्याने विचारलं.

मग त्यानेच सांगितलं, आजवर न सांगितलेलं:
तू तीन महिन्यांची होतीस, एक टँकर उलटला,
रात्रभर रस्ता बंद.
सगळी गल्ली झोपेतून उठून बाहेर आली,
आवाजाने नव्हे, आवाज नाही म्हणून.
तू टाहो फोडलेला. तुझी आई रडकुंडीला आलेली.
शेवटी शेजारच्या टुपौबाई आल्या अंगावर शाल ओढून,
पाळण्याजवळ व्हॅक्यूम क्लीनर लावला,
आणि निघून गेल्या, एक शब्द न बोलता.
पहाटेपर्यंत चालू होता तो.
"वीजबिल कुणी भरलं माहितीय का?" अपा हसला,
मग खोकला, मग पट्टीकडे बघत राहिला.

काच खाली कर म्हणाला.
आम्ही अगदी कडेच्या लेनमध्ये,
हातभर अंतरावर लोखंडी कठडा.
व्हर्ननमध्ये एकतीस वर्षं
असेच पत्रे उकळत्या जस्तात बुडवले त्याने,
पिंपातून गणपती नाही, रस्त्याच्या कडा काढल्या.
बरा हात बाहेर काढून त्याने बोटं ताणली.
पोचली नाहीत. चार इंच राहिले असतील.
गाडी थोडी सरकवू का, मी विचारलं.
"नको. माझा नाही तो," तो म्हणाला. "माझ्यावर इतके फोड नसायचे."

गाद्या कुणीतरी ओढून कडेला टाकल्या.
एकावर एक माणूस बसलेला, फोनवर बोलत,
जणू स्वतःच्याच बेडरूममध्ये.
ट्रकांनी घसे खाकरले, रस्ता सुरू झाला,
भिंतीपलीकडे कोंबडा विझला,
आणि सिग्नलभर अंतरात अपा झोपला.
खरोखरचा. तोंड उघडं.

पुढे बेलजवळ वास आला,
तो काही बोलेना, म्हणून मीच म्हटलं, "पाव."
एक्झिटचा इंडिकेटर टिकटिकत होता.
"कालचा," डोळे न उघडता तो पुटपुटला.