प्रश्न चौथा, गुण पंधरा

दुपारी दोनला आमच्या बजाजनगरात
रस्त्यावर माणूस दिसत नाही.
कुत्रीसुद्धा नालीत उतरलेली.
खिडक्या मी सकाळी नऊलाच लावून घेतल्या,
वाळ्याच्या ताटीवर दोन बादल्या पाणी मारलं
आणि घराचा काळोख केला,
इथल्या सगळ्याच बायका करतात मे महिन्यात, तसा.

मग त्या ओल्या अंधारात, कूलरच्या घरघरीत
एकशे बारा पेपर.

'जुन्या भयकादंबऱ्यांतील स्त्रीचे स्थान स्पष्ट करा.'
सगळ्यांनी एकाच गाइडातून स्पष्ट केलंय.
अनाथ मुलगी. मोठं घर. डोंगर, धुकं, वादळ.
पांढऱ्या गाऊनमध्ये ती, मेणबत्ती घेऊन, जिन्यावर.
भिंतीवर पहिल्या बायकोचं चित्र.
वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतं.
शेवटी घर जळतं, लग्न होतं.
अशा प्रकारे स्त्री ही पीडित होती.
नऊ. नऊ. साडेनऊ.
धुकं तरी या पोरांनी कुठं बघितलंय,
डिसेंबरात अंबाझरीवर, पहाटे पाच मिनिटं, तेवढंच.

मग एक पेपर. नाव नाही, कुणाचंच नसतं,
फक्त बारकोड. अक्षर उजवीकडे झुकलेलं.
सुरुवात गाइडासारखीच, आणि तिसऱ्या परिच्छेदात अचानक:

'सर किंवा मॅडम, वरची बाई आमच्या घरी पण होती.
अजनीला. रेल्वे क्वार्टरला वरचा मजला नसतो,
म्हणून मागची, न्हाणीजवळची खोली.
मोठ्या बाबांची पहिली बायको. सगळे तिला मागची म्हणत.
मागचीले जेवण देल्लं का. मागची आज रडून राहिली.
ती किंचाळत नव्हती. खदाखदा हसत पण नव्हती.
दुपारी कडी वाजवायची, दोनदा, पाहुण्यासारखी.
कादंबरीत तिला आग लावता येते.
आमच्याकडे माचिस आई ब्लाउजमध्ये ठेवायची.
ती गेली तेव्हा मी सहावीत.
तिचं नाव मला रेशनकार्डावर सापडलं. देवका.
त्यावर लाल रेघ, बाजूला शिक्का: नाव कमी केले.
प्रश्नात स्थान विचारलं आहे.
स्थान वर लिहिलं आहे. न्हाणीजवळ.'

आदर्श उत्तरात चार मुद्दे आहेत.
मीच काढलेत, वंजारी सरांनी सही केली.
त्यात ती बाई नाही,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारी,
रात्री झाकलेलं ताट वर नेणारी,
आणि खाली येऊन सांगणारी, काही नाही हो, वारा आहे, झोपा.
तिच्यावर कधी कुणी प्रश्न काढला नाही.
मीही नाही. एकवीस वर्षं झाली पेपर काढते.
लाल पेन हातात घामेजलं.

तेवढ्यात वर टाकी वाहायला लागली.
तशीच गेले, गाऊनवर ओढणी टाकून, अनवाणी.
गच्ची नव्हती, तवा होता.
कॉक फिरवला, पाणी थांबलं, मी मात्र थांबले नाही,
एक पाय, मग दुसरा, एक पाय, मग दुसरा,
सगळीकडे पांढरं, इतकं पांढरं की काहीच दिसेना.
समोरच्या गॅलरीतून मेश्रामांची धाकटी ओरडली,
'काहून फिरून राहिल्या काकू उन्हात?'
साधं उत्तर होतं. टाकी.
ते तोंडातून आलंच नाही.
तिनं आत वळून हाक मारली,
'आई, पाय न, वरच्या काकू!'

वरच्या.

खाली आले. डोळ्यांपुढे हिरवी-जांभळी वर्तुळं.
काय वाटलं कोण जाणे, ताटी बाजूला सरकवली.
भट्टीचा झोत आत आला
आणि टेबलावरचे सगळे पेपर उडाले,
गाइडवाले, नऊवाले, तो एक.
चारपर्यंत फरशीवर बसून गोळा करत होते.
बारकोडवरून माणूस ओळखू येत नाही.
एकेक उचलून उजेडात धरत होते,
अक्षर कुठं झुकलंय ते बघत.