हौदा

देल्फीसची गाडी शेडमध्ये आली शुक्रवारी,
मागची फळी निळ्या दोरीनं बांधलेली.
"झेली, हिच्यावर रॅक बसवून दे," म्हणाला,
"चाळीस पिंजरे एका खेपेला.
तळाला सिमेंट ओतलेले."
खिशातून कागद काढला, त्यावर पेन्सिलीनं गाडी:
लहान मूल घर काढतं तशी,
चार रेघा, आणि धूरसुद्धा.

मी जॅक लावला, पाठीवर झोपून आत सरकले.

पब्निकोच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात,
राहिलेलं समुद्र टाकतो.
हौद्याचा पत्रा अंगठ्यानं दाबला
तर पापडासारखा मोडला,
तांबडी भुकटी सांडली कपाळावर.
आणि वर नुसती ठिगळं:
बिस्किटाच्या डब्याचं झाकण,
चुलीचं दार,
रस्त्यावरची हिरवी पाटी, तिच्यावर अर्ध्या गावाचं नाव.
रिव्हेट मारलेली, डांबर फासलेली,
एकेका हिवाळ्याला एकेक.

"हे कोणी केलं रे?"
मला त्याचे बूटच दिसत होते.
बुटांनी पाय बदलला.
"मीच. दुसरं कोण करणार."

मग त्याला समजावलं.
पत्र्याला बोल्ट ठोकून रॅक उभा केलास
तर पहिल्या खड्ड्यात बोल्टाभोवती चीर जाईल,
तिसऱ्यात रॅक रस्त्यावर, पिंजऱ्यांसकट.
पत्रा काही उचलत नाही. पत्रा झाकतो.
वजनाला खाली वाट करून द्यावी लागते:
खांबातून आडव्या पट्टीत, पट्टीतून चॅसीत,
चॅसीतून पाट्यांत, चाकांत, जमिनीत.
वाटेत जिथे अडतं, तिथेच मोडतं.

"माझी कंबर अशीच गेली," तो म्हणाला
आणि स्टोव्हवरची कॉफी स्वतःच ओतून घेतली.

शनिवार, रविवार ग्राइंडर.
ठिगळं कापून काढली, एकेक खणखणत फरशीवर.
हौद्याखाली चार आडव्या पट्ट्या घातल्या, तीन बोटं रुंद,
बशीएवढे वॉशर,
पट्टी आणि चॅसीच्या मध्ये रबर,
जुन्या गमबुटाचा तळवा कापून.
चॅसीला वेल्ड केलं नाही. बोल्टच लावले.
तिला लवायला जागा हवी,
ताठ धरली की तिलाच चीर पडते.
खाचांमध्ये भोकं ठेवली, पाणी निघून जायला.
पाट्यांत एक जादा पाटा.

तो रोज यायचा, खोक्यावर बसायचा,
ठिणग्यांकडे बघू नको म्हटलं तरी बघायचा.
जाताना फरशीवरून हिरवी पाटी उचलून
कोटात घातली. मी दुसरीकडे बघितलं.

सोमवारी पिंजरे चढवले.
आधी चाकावरच्या कमानीला टेप लावला: एकतीस इंच.
चाळीसावा पिंजरा बसल्यावर: साडेअठ्ठावीस.
"अडीच इंच," मी म्हटलं. "बस्स."
तो हसला, पहिल्यांदाच,
पुढचे दोन दात नसलेलं हसू.

धक्का उजवीकडे. गाडी डावीकडे वळली.

मला वाटलं, चुकला.
दुसरी खेपही डावीकडे. तिसरीही.
दुपारी पोस्टातल्या रोझॉननं सांगितलं:
शेवंडीचा परवाना त्यानं ऑगस्टमध्येच विकला,
आर्काडच्या पोराला, बोटीसकट.
पिंजरे पोचवून द्यायचे ठरले होते.
पोरगा आपला ट्रक पाठवतो म्हणाला होता,
देल्फीस नको म्हणाला.

तीनशे पंचाहत्तर पिंजरे. दहा खेपा.
दहावी पंधराचीच,
गाडी खाली बसली म्हणावी इतकीही बसली नाही.

गुरुवारी परत आला. रॅक रिकामा.
"मागच्या उजव्या खांबाला आवाज येतोय,
बघ जरा, सैल राहिलाय काय."

मी खाली गेले. काही सैल नव्हतं.
पाना लावला, अर्धा फेरा आवळल्यासारखं केलं,
पट्टीवर दोनदा हातोडी वाजवली.
रिकाम्या रॅकला आवाज असतोच
हे वर येऊन सांगणार होते.
बूट तिथेच उभे होते, शेजारी शेजारी,
ओले,
कुठे जायची घाई नसलेले.

"झालं," मी खालूनच म्हटलं.