मधलं अजून आहे का

शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात.
ल्युब्ल्यानाच्या नेत्रविभागात मी एकटी ड्यूटीवर
आणि समोर येर्नेय होचेवार, वय एकसष्ट,
राडोवल्यित्साहून बसने आलेले,
बाह्यांना अजून मेणाचा वास.
डावा डोळा सुजून बंद.
तक्रार मात्र उजव्याची.

"सावली कधीपासून?"
"आज दुपारी कळलं.
पापणीवर माशी डसली, हा डोळा मिटला,
तेव्हा दिसलं की दुसऱ्यात अंधार आहे."
"आणि त्याआधी?"
"सोमवारी ठिणग्या होत्या.
वाटलं, धुराड्यातल्याच असतील."

खालून, नाकाच्या बाजूने सावली चढतेय.
म्हणजे पडदा सुटलाय वरून, कानाच्या अंगाला.
डोळा सगळं उलटं सांगतो,
आपण सुलटं ऐकायचं,
एवढीच माझी सहा वर्षांची विद्या.

पण किती सुटलाय ते नंतर.
आधी हे, की मधलं अजून आहे का?

मधला तो खळगा, मोहरीएवढा.
अक्षरं तिथे, सुईचं नेढं तिथे,
दारात उभ्या माणसाचा रुसवा
ओळखू येतो तोही तिथेच.
बाकीचा डोळा नुसता पहारेकरी,
कुणीतरी आलं, एवढंच कळवतो.

खळगा चिकटलेला असेल तर आज रात्रीच टेबल.
सुटला असेल तर
घाई तशी उरत नाही, सोमवारही चालतो.
असं मी एकदा एका बाईंना म्हणाले होते, चालतो.
त्या म्हणाल्या, "कुणाला?"

"माझ्याकडे बघा. नाकाकडे. काय दिसत नाही?"
"हनुवटी. आणि तुमचा हा खांदा."
"नाक?"
"आहे. सरळ आहे."
जरा थांबून, "अगदी सरळ नाही,
पण ते तुमचंच तसं असेल."

तक्ता. खालून तिसरी ओळ वाचतात,
शेवटचं अक्षर अंदाजाने.
माणसं इथे परीक्षेला बसल्यासारखी बसतात,
डोळा किलकिला करून, चोरून,
त्यांना पास व्हायचं असतं.
खरं तर मलाही ते पास व्हायला हवे असतात,
म्हणून माझ्या कानावर माझा भरवसा नाही.

मग स्कॅन. करडे थर, एका बाजूने उचललेले,
खाली काळं पाणी,
आणि पाण्याची कड खळग्याच्या अलीकडे थांबलेली.
मोजते. पाऊण मिलिमीटर.
पुन्हा मोजते,
कारण पाऊण मिलिमीटरच्या जोरावर
मी कुणाला तरी जेवणावरून उठवणार आहे.

डॉक्टर त्रात्निक फोनवर घास गिळतात.
"खळगा?"
"चिकटलेला."
"नक्की?"
"आत्ता, या मिनिटाला, नक्की."
खुर्ची सरकल्याचा आवाज.

होचेवारना उताणं निजवते, उशी काढून,
मान उजवीकडे.
पाणी जिथून शिरलं त्याच बाजूला राहू दे.
"शिंक आली तर?"
"मला सांगा."
"शिंक सांगून येते का, डॉक्टर?"

मग बराच वेळ काही बोलत नाहीत.
"पेटी उघडी राहिलीय," एकदम म्हणतात.
"आमच्या पेट्या कपाटासारख्या, मागून उघडतात.
राणी शोधत होतो. पाठीवर हिरवा ठिपका,
मीच लावलेला.
हजारो माश्यांत नजर आपोआप जाते तिच्यावर.
आज फ्रेमचा खालचा कोपराच नव्हता.
वाटलं, ती तिथेच असणार,
जिथे मला दिसत नाही तिथेच."

मी विदाबाईंना फोन लावते, त्यांच्या शेजारीण.
वाऱ्यात त्यांचा आवाज, पायाखाली खडी,
मग कुरकुरणारं लाकूड.
"अहो, पण राणी आत आहे का? बघू का?"
ट्रॉली दारात येऊन उभी.
"बघू नका," मी म्हणते,
"नुसतं दार लावा. हळू."