सत्तेचाळीस रुपये

तारका कुबलच्या खाणावळीमागे
करवंट्यांचं पोतं कायम पडलेलं असतं.
सोलकढीसाठी दिवसाला तीस नारळ फुटतात.
"बंब पेटवूक व्हये?" तिने विचारलं.
"नाय. कवट्यो करूच्यो आसत."
ती हसली नाही.
"मगे डोळे आसलेलीच घे," म्हणाली,
आणि पुन्हा मासे कापायला बसली.

खरंच, नारळ फुटला की
एकाच वाटीच्या वाट्याला तोंड येतं,
दुसरी नुसतीच वाटी.
तीन भोकं : दोन कठीण, एक मऊ.
कठीण ते डोळे.
मऊ ते तोंड; खिळा टेकवला तरी आत जातो.
कोंबही तिथूनच येतो म्हणतात.

फुटक्या काचेने शेंडी खरवडायची.
चुना दहा रुपयांचा,
माडांच्या बुंध्यांना फासतात तोच.
टिकल्यांचं पाकीट पाच, डोळ्यांभोवती फुलं करायला.
मेणबत्त्या बत्तीस.
कोळसा चुलीतला, खळ पेजेची,
झेंडू दिवाळीच्या तोरणांतला, अर्धा सुकलेला.
दात उकड्या तांदळाचे, एकेक दाणा उभा लावायचा.
हे काम एल्रॉयचं. त्याची बोटं बारीक आहेत.

ही कल्पना इनासची.
बोटीवर स्वयंपाकी होता तो.
वेराक्रूझहून एकदा साखरेची कवटी घेऊन आला,
मोज्यात गुंडाळून,
कपाळावर गुलाबी अक्षरांत त्याचंच नाव.
आई किंचाळली, क्रूस काढला,
तो हसत सुटला.
म्हणाला, तिथे मेलेल्यांना जेवायला बोलावतात,
थडग्यावर बसून गाणी म्हणतात.
पलीकडून तारका म्हणाली, "म्हणजे आमचो म्हाळच मरे."
आम्ही ती फळीवर ठेवली.
मुंग्यांनी आधी डोळे नेले,
मग नाव, 'इ'पासून सुरुवात करून.

त्यानंतर तीन वर्षांनी कंपनीचं पत्र आलं.
पत्रात तारीख होती, अक्षांश होता, रेखांश होता.
जमीन नव्हती.

म्हणून दोन नोव्हेंबरला
सगळा उभादांडा थडगी धुतो,
गवत उपटतो, चुना काढतो,
तेव्हा वहिनी बादली घेऊन नुसती उभी राहते.
दुसऱ्यांच्या थडग्यांना पाणी घालून येते.

यंदा पाच केल्या.
पपा, आई, आंजेलीन मावशी,
एक कोणाचीच नाही, चुकून जास्त झाली,
आणि एक इनास.

एल्रॉय दात लावत होता.
इनासच्या वरच्या ओळीत, डावीकडून तिसरा,
मी म्हटलं, तिथला राहू दे.
"का?"
तो मी पाडला होता.
पिड्याची बॅट, मी अकरा वर्षांची,
आणि आऊट असूनही तो जाईना.
रक्त बघून मी विहिरीमागे लपले.
तो घरी सांगून आला की माडावरून पडलो.
माडावर त्याला चढताच येत नव्हतं,
पण कोणी विचारलं नाही.

एल्रॉयने दाणा काढला, खाऊन टाकला.
वहिनी लांबून बघत होती.
मग तिने स्वतःच टिकली काढून
त्या कपाळावर लावली,
थोडी वाकडी लागली.

फादर बोस्त्यांव कुंपणापाशी थांबले.
"हे आपल्यात नसतं गो," हळूच म्हणाले.
मी म्हटलं, होय, फादर.
त्यांनी पाचही मोजल्या,
ती कोणाचीच नसलेली उचलली,
आणि गडग्यालगतच्या त्या नावाशिवायच्या क्रूसाखाली
स्वतः नेऊन ठेवली.

इनासची आम्ही गडग्यावर ठेवली, समुद्राकडे तोंड करून.
आत मेणबत्ती लावली की
भोकांतून उजेड येत होता,
आणि त्या एका फटीतून जरा जास्त.
वारा होता. तीनदा विझली.
चौथ्यांदा वहिनी तळहात धरून बसली,
मेण संपेपर्यंत.

सकाळी गेले तर
चिमण्यांनी सगळ्यांचेच दात नेलेले.
पपा, आई, मावशी, इनास,
सगळे बोळके, सगळे सारखे.
कोण कुठला ते टिकलीवरून ओळखायचं.

एल्रॉयने बराच वेळ निरखून बघितलं.
"पुढच्या वर्षी शिंपल्यांचे लावू," तो म्हणाला.
"ते कोण खात नाय.
आणि फुकट."